शाळेखालचा दगड

४ जुलै
‘खाणकामगारांनो, धातू त्यांचा आणि दगड आपला — तोही सडका!’ सात तारखेच्या सभेची सुरुवात ठरली.

शाळेची जमीन फुगून वर आली आहे. दुसरीच्या वर्गाचं दार लागत नाही. भिंतीला बोट जाईल एवढी चीर. कंपनीने मुद्दाम खराब माल दिला, दुसरं काय! सहा वर्षांपूर्वी शाळेच्या भरावासाठी हाच टाकाऊ दगड फुकट मिळावा म्हणून आम्ही अकरा दिवस संप केला. मिळवला. लोकांनी मला खांद्यावर घेतलं होतं.

५ जुलै
ताईकडे जेवलो. वीस वर्षं ती निवडणीच्या पट्ट्यावर होती — धातूचा दगड पुढे जाऊ द्यायचा, टाकाऊ तेवढा हाताने उचलून फेकायचा. तिला भाषण वाचून दाखवलं. ती भांडी घासत होती.

“मुद्दाम कशाला देतील? तो दगडच तसला. त्यात पिवळी चमक असते ना, ती ओल लागली की फुलते. आम्ही बायकांनी पाण्याच्या पिंपाखाली तेच दगड रचले होते. दोन वर्षांत पिंप कलंडलं.”

“मग तेव्हा का बोलली नाहीस?”

“बोलले की. संपाच्या तिसऱ्या दिवशी, सगळ्यांसमोर. तू म्हणालास, ताई, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. लोक हसले. मीही हसले.” तिने पातेलं पालथं घातलं. “तुला ऐकवता येतं रे. ऐकता येत नाही.”

आठवलं. तो हशा मला आवडलाही होता.

६ जुलै
शाळेत जाऊन आलो. चीर रुंदावली आहे. बाई म्हणाल्या, “दादा, उद्या कंपनीला चांगलं तासा. तुम्ही बोललात की कामं होतात.” मी मान हलवली.

कपाटभर पुस्तकं वाचली. पायाखाली काय घालतोय, हे ज्यांच्या हातांना ठाऊक होतं त्यांना विचारलं नाही. कबूल केलं तर कंपनी पुढची वीस वर्षं माझ्या प्रत्येक मागणीवर हाच दगड मारणार. नाही केलं तर कंपनीशी वाद महिनोन्‌महिने चालेल, आणि मुलं त्याच भिंतीला टेकून पाढे म्हणतील.

७ जुलै
लिहिलेलं भाषण खिशातच राहिलं. तीन वाक्यं बोललो. टाळी पडली नाही.

दगड मी मागितला. ताईने बजावलं होतं. उद्या एकही मूल त्या शाळेत पाठवू नका.