साठ सांबारवड्या आणि बर्फाचा घाट

३ नोव्हेंबर

काल अनघाकडे दिवाळी पॉटलक, प्रत्येक घरानं एकेक पदार्थ न्यायचा. भारतातून आलेल्या आईनं दोन दिवस खपून साठ सांबारवड्या केल्या. अकरा जुड्या सांबार निवडला (अनघा कोथिंबीर म्हणते). "इथल्या सांबाराले वासच नाई वं," हे प्रत्येक जुडीला एकदा. ट्रे मीच नेऊन तिच्या ओट्यावर ठेवला. तासाभरानं बघते तर ट्रे गायब. अ. म्हणाली, "अगं, संपल्या! तुटून पडले सगळे. काकू, काय हात आहे हो तुमचा!" आई अशी खुलली की बस. खुर्चीवर जरा ताठ बसली.

निघताना मीच म्हटलं, कचरा बाहेर नेते. गॅरेजमधल्या डब्याचं झाकण उघडलं. सगळ्यात वर पारदर्शक पिशवी, घट्ट गाठ मारलेली. आत वड्या. एकही मोडलेली नाही.

झाकण लावलं. आत जाऊन सगळ्यांना बाय केलं. का केलं?

४ नोव्हेंबर

झोप नाही. आता सगळं जुळतंय. दारात आईनं अ.च्या सासूबाईंना हात जोडून "जय भीम" म्हटलं. सासूबाईंनी "बसा" म्हटलं आणि आत गेल्या. नंतर मला हळूच, "तुमचं आडनाव रामटेके, नाही का?" अकरा वर्षं मी त्यांच्या घरी जाते आहे. अकरा वर्षं मी नुसती "अनघाची मैत्रीण वैशाली" होते. आडनाव परवा ऐकू आलं वाटतं.

आणि अ.? एका बिल्डिंगमध्ये काम, अकरा वर्षांचं कारपूल, माझ्या लेकीला, मित्राला, कांजिण्या झाल्या तेव्हा रात्रंदिवस आमच्याकडे होती. तिचं ठरलेलं वाक्य: "आमच्याकडे असलं काही मानत नाहीत गं." असलं म्हणजे कसलं, हे मी कधी विचारलं नाही. तेच चुकलं.

माझा नवरा मिलिंद म्हणाला, "जाऊ दे ना." जाऊ दे हा शब्द आजपासून या घरातून हद्दपार.

११ नोव्हेंबर

आईला एअरपोर्टवर सोडलं. सिक्युरिटीच्या रांगेतून परत आली, पर्समधून कागद काढला. सांबारवडीची कृती, स्वतः लिहिलेली, अक्षर थरथरतं. "अनघाले देजो. तिले लय आवडल्या नं."

दिला नाही. देणारही नाही. पर्समध्येच आहे.

आईला कळता कामा नये. कधीच. हे एकदा लिहून ठेवते. बाकी काय वाट्टेल ते होवो.

६ डिसेंबर

आज पांढरा स्वेटर घालून कामावर. कारमध्ये अ.: "आज काय विशेष?" दर वर्षी विचारते. दर वर्षी मी सांगते. दर वर्षी "अच्छा अच्छा."

मग मुद्द्यावर आली. चार कुटुंबांची दर हिवाळ्यातली ट्रिप, घाटापलीकडच्या नेहमीच्या गावात. तिचा शिरीष मुलांना आणि सासूबाईंना घेऊन आदल्या दिवशीच जाणार. हिची त्या संध्याकाळी मीटिंग. मिलिंद ऑन कॉल, म्हणजे मी एकटीच व्हॅन नेणार. "मी तुझ्याबरोबर येऊ का? मला बर्फात ड्राइव्ह करायची जाम भीती वाटते."

मी म्हटलं, ये ना.

मनात म्हटलं, ये बाई. घाटात गाडीतून उतरून कुठे जाशील?

१४ डिसेंबर

मित्राला फोनवर प्लॅन सांगितला. व्हॅनमध्ये खायला फक्त सांबारवड्या ठेवायच्या. दुसरं काही नाही. तीन-चार तासांचा रस्ता, वाटेत थांबायचं नाही. भूक लागली की ट्रे पुढे करायचा. तोच ट्रे, तशीच फॉइल. खाते की नाही बघू. नाही खाल्ली तर तोंडावर विचारायचं.

कार्टी हसली. "मॉम, दॅट्स सो मीन. आय लव्ह इट." मग जरा थांबून, "बट व्हॉट इफ शी जस्ट ईट्स इट?"

आईच्या स्टाइलनं म्हटलं, "अभ्यास कर."

१९ डिसेंबर

साठ वड्या. मोजून. माझा हात आईसारखा नाही, पारी जाड होते. तीनदा मळलं. तळताना मिलिंद मागे उभा. "विषबिष घालणार नाहीस ना?" "नाही. जास्त तिखट घातलंय."

व्हॅनच्या कपाटातून बिस्किटं, ग्रॅनोला बार, मॅगी, सगळं काढलं. पाणी, छोटी शेगडी आणि चहाचं सामान ठेवलं. मी राक्षस नाही.

मिलिंद: "चाकांच्या चेन्स आहेत ना?" आहेत. मागच्या खणात, सीलबंद पिशवीत, वर पावती चिकटवलेली. हे आपल्या लोकांचं शास्त्र: चेन्स घ्यायच्या, पिशवी उघडायची नाही, बर्फ संपला की दुकानात परत. आमच्या तीन हिवाळे परत करायच्याच राहून गेल्या. "शक्यतो उघडू नको," मिलिंद सवयीनं म्हणाला.

२० डिसेंबर, सकाळी

सव्वासात. व्हॅन गरम होतेय. अ. आली. पायात कॅनव्हासचे बूट, हातात काही नाही. "खायला काही आणलं नाही गं, तुझ्या व्हॅनमध्ये नेहमी असतंच."

असतंच.

२० डिसेंबर, दुपार, घाटात

अडकलोय. अ. मागच्या सीटवर ब्लँकेट घेऊन बसली आहे. मी स्टिअरिंगवर वही ठेवून लिहितेय. सगळं क्रमानं लिहिते, नाहीतर उद्या मीच मला वेगळं सांगेन.

पायथ्याला भुरभुर. वर चढायला लागलो तसा रस्ता पांढरा, कडेचे पट्टे दिसेनात. मागची चाकं दोनदा सरकली. अ.नं डोळे मिटून वरचं हँडल धरलं होतं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग दिव्यांचा बोर्ड: पुढे चेन्स बंधनकारक. केशरी जॅकेटवाल्या माणसानं कडेच्या मोकळ्या जागेत घ्यायला लावलं. या व्हॅनला चेन्सशिवाय वर सोडणार नाही म्हणाला. काढली पिशवी. तीन वर्षांचं सील फाडलं. "आता परत नाही घेणार ते," अ. म्हणाली. तेही हळहळून.

दोघी बर्फात गुडघ्यांवर. ती मोबाईलवर सूचना वाचते, मी साखळी ओढते. एक वीत कमी पडते. परत ओढली. तेवढीच कमी. मग पिशवीवरचा नंबर वाचला. चेन्स आमच्या जुन्या सिडॅनच्या! ती विकून दोन वर्षं झाली. व्हॅन घेतली तेव्हा बायोटेकमधल्या दोन इंजिनिअर माणसांना चाकाचा आकार बघायचं सुचलं नाही, कारण पिशवी उघडायची नव्हती. शाबास.

केशरी जॅकेटवाला म्हणाला, थांबा. बर्फ काढणारा ट्रक खालून येतोय. तो गेला की विंटर टायरवाल्यांना सोडतील (आमचे आहेत, एवढं नशीब). किती वेळ? खांदे उडवले.

आता जे केलं ते. हात बधिर झाले म्हणून मी आधी आत बसले. दार लावलं. लॉकचं बटण दाबलं. अ.नं काचेवर टकटक केली. मी समोर बघत राहिले. परत टकटक. "वैशू, लॉक झालंय!" डॅशबोर्डच्या घड्याळावर चार मिनिटं. वड्या गॅरेजमध्ये होत्या, तू बाहेर उभी राहा. असंच आलं मनात, शब्दशः.

चौथ्या मिनिटाला तिनं टकटक थांबवली. नुसती उभी. चष्म्यावर बर्फ, बुटांत पाणी. दार उघडावं लागलं.

ती आत आली. मोजे काढून हीटरसमोर पाय धरले. मी चहा केला. मग ट्रे काढला, फॉइल सोडली, तिच्या मांडीवर ठेवला.

"भूक लागली असेल ना. खा."

तिनं ट्रेकडे बघितलं. मग माझ्याकडे. पांढरी पडली.

"तुला माहितीये."

"कचरा मीच नेला होता."

मग अ. सुरू झाली. सासूबाईंनी केलं, मी नाही. त्यांचं वय, त्यांचे संस्कार, घरात मला जगायचंय. मी एवढंच विचारलं, "पिशवीची गाठ कोणी मारली?"

"मी."

"आणि संपल्या असं कोण म्हणालं?"

"मीच. काकूंना वाईट वाटू नये म्हणून."

"वा गं वा. चोर तो चोर, वर शिरजोर."

रडली. रडत रडत एक वडी उचलली आणि खाल्ली. मग दुसरी. नाक वाहतंय, तिखट लागतंय, तरी खाते आहे. मित्रा खरी ठरली. खाल्लीच तिनं. मला वाटलं होतं, ती खाणार नाही आणि मी हे म्हणेन, ते म्हणेन. महिना दीड महिना पाठ केलेली वाक्यं. सगळी वाया.

मग म्हणाली, "मी काकूंना फोन करते. आत्ता. सगळं सांगून माफी मागते." फोन काढलासुद्धा.

आईला सगळं सांगणार म्हणजे आई खुर्चीत ताठ बसली होती ते खोटं, कागदावर लिहिलेली कृती खोटी. हिचं मन हलकं होणार आणि माझ्या आईचं...

"खबरदार!" मी एवढ्या जोरात ओरडले की केशरी जॅकेटवाल्यानं वळून बघितलं. नशीब, रेंज नव्हती.

मी सांगितलं: माफी नाही मागायची. माझ्या आईला आयुष्यभर खोटंच सांगायचंस. वड्या संपल्या, तुटून पडले सगळे. ती विचारेल तेव्हा, विचारेल तितक्या वेळा. आणि दर वेळी तुला ती गाठ आठवली पाहिजे. हीच तुझी शिक्षा.

"आणि तू मला माफ नाही करणार?"

"नाही."

खरं उत्तर दिलं. ट्रक येतोय. पुढचं नंतर.

२० डिसेंबर, संध्याकाळ, लॉजवर

पोचलो. साडेतीन तास थांबून मग सोडलं. माथ्यानंतरचा उतार भयंकर. दुसरा गिअर, ब्रेकला पाय लावायचा नाही, एका बाजूला कडा आणि एका बाजूला बर्फाची भिंत. एका वळणावर व्हॅनचं बूड सरकलंच. अ. ओरडली नाही. दोन्ही हातांनी ट्रे छातीशी धरून बसली होती. पट्ट्यानं स्वतःला बांधलं होतं आणि हातांनी वड्यांना. मला हसू आलं आणि स्वतःचाच संताप आला.

लॉजवर तिनं ट्रे टेबलाच्या मधोमध ठेवला. सगळे जमले होते. "आई, या वैशालीच्या वड्या, तिच्या आईच्या पद्धतीच्या. मी वाटेत नऊ खाल्ल्या."

सासूबाई म्हणाल्या, "मला तेलकट सोसत नाही."

आता तळलेली चकली चालली होती ना हो? समोर बशीत अर्धी पडली होती. हे मनातच म्हटलं. अ.नं बशी उचलून नेली, अर्ध्या चकलीसकट. पोरांनी पाच मिनिटांत ट्रे रिकामा केला.

खरोखर संपल्या. मला आनंद व्हायला हवा होता.

२१ डिसेंबर

सकाळी आईचा व्हिडिओ कॉल. मी उचलला तेव्हा सगळे नाश्त्याला. "अनघा हाय काय तिथं? दे बरं तिले." दिला. काय करणार?

आई: "बेटा, कृती भेटली नं? जमल्या काय वड्या?"

अ.नं माझ्याकडे बघितलं. कृती अजून माझ्या पर्समध्ये. "कागदावरून नाही हो कळत काकू," ती म्हणाली. "तुमच्यासारख्या नाही जमत. दिवाळीत किती पटापट संपल्या होत्या!"

चांगली शिक्षा दिली म्हणून मी खूश असायला हवं. तिचे कान लाल झाले होते. थोडी खूश झालेही.

तर आई म्हणते, "मग मी मेमध्ये येतो तवा तुझ्याच घरी करू. तुझ्या ओट्यावर, तुझ्या कढईत. हातानं दाखवल्याबिगर नाई जमत."

स्पीकर चालू. सासूबाईंचा चमचा थांबला.

अ. सासूबाईंकडे बघून म्हणाली, "या काकू. नक्की या."

येताना घाट मोकळा होता, ऊन पडलं होतं. अ. शिरीषच्या गाडीतून गेली. मी एकटी व्हॅनमध्ये. चुकीच्या चेन्स मागे खणखण वाजत होत्या.

४ जानेवारी

कारपूल बंद केलं. अ.नं कारण विचारलं नाही. लंच रूममध्ये समोर येऊन बसते. मी उठत नाही, बोलतही नाही. आज म्हणाली, "घरी रोज भांडण चालू आहे, मेवरून." मी म्हटलं, बरं.

पर्समधला कागद काढून तिच्यासमोर ठेवला. का, माहीत नाही. माफ केलं म्हणून नाही, एवढं नक्की.

१८ जानेवारी

आईचं तिकीट झालं. १२ मे. फोनवर अर्धा तास सामानाचीच यादी. चिंचेची चटणी, तिकडचं तिखट, आणि सांबाराचं बी आणते म्हणे, अनघाच्या अंगणात पेरायला.

ठेवता ठेवता म्हणाली, "वैशू, एक विचारू काय वं? मी तिच्या ओट्यावर वड्या केल्या तर तिच्या सासूले चालन नं?"

तिकडे मिक्सर चालू होता, तो तिनं बंद केला. किती दिवसांपासून माहीत आहे तिला? दिवाळीच्या पॉटलकहून परत येताना कारमध्ये एवढी बोलत होती, ते मला वाईट वाटू नये म्हणून?

"आई, तुला कोणी काही..."

"नाई चाललं तरी येतोच मी," आई म्हणाली, आणि मिक्सर परत सुरू केला.