चिमट्यापासून राखलेला गोऱ्हा

मी, ज्ञानोबा पिराजी लोमटे, वय अंदाजे बहात्तर, धंदा शेती, राहणार मौजे तेर, जिल्हा उस्मानाबाद, लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे, नजर थोडी अधू आहे आणि मला काही पाजून हे कोणी लिहून घेतलेलं नाही. लेखनिक लावला नाही, कारण कचेरीतले सगळे लेखनिक माझ्या मुलाच्या ओळखीचे आहेत. माझ्या नावचं दुसरं मृत्युपत्र कोणी दाखवलं तर ते खोटं समजावं.

१. राहतं घर व तेरणेकाठची जमीन मुलगा कोंडीराम यास. तो दूध संस्थेचा सचिव आहे. कामाला चोख आहे. त्याच्यावर माझा भरवसा नाही, त्याचं कारण खाली येईल.

२. परंड्याला दिलेली मुलगी लक्ष्मीबाई हिला तिच्या आईची पुतळ्यांची माळ.

३. गोठ्याविषयी सविस्तर लिहितो, कारण भांडण इथंच होणार.

सन बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी जनावरं बाजारात सोडली, तेव्हा माझ्याकडे देवणी वळू होता. मी आणि पत्नी तुळजाबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होतो. कामावर मिळणारी सुकडी तिनं पदरात बांधून आणून त्याला चारली. पुढे गावातल्या निम्म्या बैलांचा तो बाप झाला.

मग दूध संस्था आली. जनावरांचे डॉक्टर गार वाफा निघणारं भांडं घेऊन आले. त्यातल्या कांडीत परदेशी वळूचं बीज आहे म्हणाले. मी विचारलं, "तो वळू कुणी पाहिलाय का?"

"पाहायची गरज नसते, आजोबा. त्याला नंबर असतो."

सोयरीक जमवताना आपण आजोळापर्यंत चौकशी करतो आणि गाईच्या नशिबी नुसता नंबर. भांड्यातल्या वाफा बंद होऊन गारवा सरल्यावरही त्याच कांड्या वापरल्या जात होत्या, असा माझा संशय आहे. पुरावा नाही.

गावठी वळू खच्ची करावेत असा संस्थेनं ठराव केला. मी नकार दिला. नंतर लक्ष्मीबाईच्या सासऱ्यांच्या दहाव्याला परंड्याला गेलो. परत आलो तर वळू मान खाली घालून उभा. त्याला खच्ची करायचा चिमटा लावलेला होता. डॉक्टर म्हणाले, घरच्यांनीच बोलावलं. कोंडीराम म्हणाला, "मला काय ठावं, आबा?"

त्या रात्री सून सुमनबाई भाकरी वाढताना बोलली, "मामंजी, दावं म्या धरलं हुतं. तुमी हो म्हणलाव, असं यांनी सांगितलं. म्या तुमाला विचारायला पायजे हुतं."

घरात खरं बोलणारं एवढंच माणूस निघालं.

जर्सी गाय दूध भरपूर देते, हे कबूल करतो. त्या दुधावर नातवंडं शिकली. पण तिच्या गोऱ्ह्याला वशिंड नाही, मानेवर जू ठरत नाही, ऊन तापलं की तोंड उघडून धापा टाकतो. कोंडीराम असले गोऱ्हे कुणाच्या गाडीत चढवतो, ते मला कोणी सांगत नाही.

चिमट्याच्या आधी माझ्या वळूपासून गाभण राहिलेली आमची कपिली गाय पुढे व्याली, गोऱ्हा झाला. त्या वंशातले बाकीचे नर बैल झाले किंवा विकले गेले. हा एकच उरला. कोंडीराम आता म्हणतो, "आबा, संस्थेचा नियम समद्यांना सारखा." येत्या सोमवारी डॉक्टर येणार असं कानावर आहे.

४. सबब सदर गोऱ्हा व त्याच्या चाऱ्यासाठी माळावरचं गवताचं रान सून सुमनबाई हिच्या एकटीच्या मालकीचं. नवरा म्हणून कोंडीरामचा त्यावर हक्क नाही.

हे लिहिण्याआधी मी तिला विचारलं, "गोऱ्हा तुला दिला तर जर्सी काढून टाकशील?"

"न्हाय, मामंजी. दूध लागतंय. दोन्ही राखीन. कोणच्या गाईला काय करायचं ते गाईवाली ठरवील."

मला हे पटलं नाही. माझ्या तोंडावर हो म्हणून मागं हवं ते करणं तिला सोपं होतं. तिनं तसं केलं नाही, म्हणून देतो.

५. गोऱ्हा आज पहाटे गावाबाहेर गेला आहे. कुठं, ते सुमनबाईला ठाऊक आहे. मी तिला विचारलेलं नाही. मला कळलं तर कोंडीराम गोड बोलून माझ्याकडून काढून घेईल.

वरील मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवला व त्यांच्या समोर सही केली.

सही: ज्ञानोबा पिराजी लोमटे

साक्षीदार:
गोरोबा विठोबा माळी (सही)
भिमाबाई ओव्हाळ, शेजारी (डाव्या हाताचा अंगठा)

मुक्काम तेर, दिनांक १४ मार्च १९८६