उंबराच्या पानावरचं सोंग

सर, विभागातल्या कीटकांच्या खोलीवर तुमच्या नावाची पाटी लागणार आहे. काल विभागप्रमुखांचा फोन आला, "मॅडम, स्मरणिकेसाठी दोन शब्द लिवा की. तुम्ही तर सरांच्या लाडक्या!" मला हसू आवरेना. तुमचं लाडकं एकच होतं, सहलीच्या वाटेवरचा तांबडा रस्सा. बाकी कशाकडे तुम्ही दोन मिनिटं सलग बघितल्याचं मला आठवत नाही. तरी अख्खं गाव तुम्हाला विद्वान म्हणतं, कारण तुम्ही ओरडायचात. आवाज मोठा असला की आपल्याकडे ज्ञानही मोठं धरतात.

गगनबावड्याची ती सहल. पोरं किडे मारायच्या औषधाचा बोळा घातलेल्या बाटल्या घेऊन झुडपं झोडपतायत, कारण प्रत्येकाला टाचणीला टोचलेल्या किड्यांची पेटी भरून द्यायची आहे. मी जैनाघरची, मुंगीवर पाय पडला तरी आई हात जोडायची. माझी बाटली रिकामीच, म्हणून मी उंबराखाली नुसती बघत बसलेय. "जीव मारायचा न्हाय तर झूलॉजीला कशाला आलीस? घरात पापड लाटायचं की," तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात आणि पुढे गेलात. मग पानावर तो दिसला. तांदळाच्या दाण्याएवढा पतंग, भर दुपारी जागा. पंख वर उचलून झटके देत मागेपुढे सरकत होता आणि पंखांवरचे ठिपके डोळ्यांसारखे चमकत होते. समोरच उड्या मारून शिकार करणारा कोळी दबा धरून बसलेला. त्याने झडप घातलीच नाही. आपल्याच जातीचा कुणी भेटल्यावर कोळी करतो तसे पुढचे पाय उंचावले आणि मागे सरला. पतंगाने कोळ्यालाच कोळी होऊन दाखवलं होतं. मी तुम्हाला हाक मारली.

तुम्ही आलात. "पतंग व्हय? पतंग रातचं उडत्यात, येडे," म्हणत त्याच्यावर बाटली उपडी घातलीत. कोळ्याचं नाव काढल्यावर नुसतं हसलात. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत त्याचे पंख सपाट पसरून टाचणी टोचलीत आणि म्हणालात, "कुठाय तुझा कोळी? दाव की!" वर्ग खदखदला. टाचणीवर खरंच एक भुरकट पाखरू होतं. कोळी होता तो त्याच्या पंख उभारण्यात, झटक्यांत, चालण्यात. मेल्यावर तो कुठून दिसणार? आधी मारायचं आणि मग बघायचं, ही तुमची पद्धत, आणि त्यातला मूर्खपणा तुम्हाला निवृत्तीपर्यंत कळला नाही. समजून घ्यायची गरजच पडली नाही म्हणा. पतंगाच्या सोंगाची मला कीव येत नाही, त्याच्या जिवावर बेतलेलं असतं. तुम्ही कुणाला भिऊन डोळे वटारत होता, सर? एक पोरगी बरोबर ठरली असती तर काय तुमची पगारवाढ अडणार होती?

मी आज विभागप्रमुखांना कळवलं, लिहिणार नाही, आणि पाटीच्या कार्यक्रमालाही येणार नाही. ते नाराज झाले. होऊ देत. आता तुमच्याच विभागात मी शिकवते, आणि माझी मुलं पेटी भरत नाहीत, पानापाशी बसून बघतात. कुणी कारण विचारलं की मी अहिंसा, निरीक्षण असलं काहीबाही सांगते. लोक माना डोलावतात. खरं कारण त्याहून पुष्कळ हलकं आहे. मला तुम्हाला खोटं पाडायचं होतं. इतकी वर्षं घाटात हिंडून मी पुरावा गोळा करत राहिले, फोटो काढले, सगळं सिद्ध केलं, आणि तुम्ही मध्येच मरून गेलात. ज्यांनी मला शाबासकी दिली त्यांच्यापैकी कुणाचीच मला नको होती. तुम्ही असता तर मी तुमच्याच दारात आले असते, आणि तुम्ही आतून पुन्हा "येडे" म्हणाला असतात तरी दार उघडेपर्यंत उभी राहिले असते.