चौथ्या आवृत्तीची अखेर

३ फेब्रुवारी, सोमवार

मिळालं! पान मला मिळालं! कंपनीच्या मोठ्या बाईंनी सकाळी दारातच गाठलं. "आपल्या सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती कधी आली, तिला आपण कधीपर्यंत सांभाळणार, कधी हात काढून घेणार – सगळं एका पानावर पाहिजे. कुणालाही उघडून बघता येईल असं. तुम्ही करा." पर्स खांद्यावरच होती, तशीच हो म्हणून बसले. विचार कसला करायचा त्यात!

छापखान्यात वेळापत्रकांची मुद्रितं तपासण्यात अर्धं आयुष्य गेलं. तारखा माझ्या हाडात आहेत. इथे आल्यापासून मात्र "हे बटण दाबा, ते बटण दाबा" एवढंच लिहीत होते. आणि सॉफ्टवेअर किती गोड आहे! कानाच्या दवाखान्यात श्रवणयंत्र संगणकाला जोडायचं, आणि आमच्या सॉफ्टवेअरमधून त्या माणसाच्या कानाला जुळेल तसा आवाज लावून द्यायचा. आजवर सहा आवृत्त्या झाल्या. त्यातली कोणती जिवंत, कोणती मेलेली, हे कंपनीत कुणीच छातीठोक सांगू शकत नाही.

घरी सांगितलं. लेक म्हणाली, "म्हणजे आई, तू सॉफ्टवेअरचे मृत्युलेख लिहिणार?" नवरा म्हणाला, "जपून. जिवंत माणसाचा छापशील." दोघांनाही दुसऱ्यांदा भाजी वाढली नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज एकच प्रश्न घेऊन मजलाभर फिरले – चौथी आवृत्ती जिवंत आहे की मेली?

विक्रीवाला: "चौथी? ती अमर आहे हो! मी गिऱ्हाइकांना तेच सांगतो." याच्या जिभेला हाड नाही.

फोनवाली (मदतीचे सगळे फोन ही एकटी पोरगी घेते) – रिसीव्हर खांद्यात धरून कुजबुजली, "जिवंत म्हणजे काय, आत्ता तिच्याबद्दलच बोलतेय!"

आजोबा: "मेली. उचलायची तेवढी राहिलीय."

आजोबा म्हणजे आमचे सगळ्यात जुने प्रोग्रामर. पहिली आवृत्ती त्यांनी एकट्याने लिहिली. चौथी बिघडली तर तीही फक्त त्यांनाच दुरुस्त करता येते, बाकीची पोरं तिच्या वाऱ्यालाही उभी राहत नाहीत. म्हणून ते अडकलेत. निवृत्तीचं वय कधीच उलटलं. "ज्या दिवशी चौथी बंद, त्या दिवशी मी मोकळा," असं म्हणतात. येता-जाता, जिन्यात, जेवताना म्हणतात. मला त्यांनी आजपासून नाव ठेवलंय – तारीखबाई!

६ फेब्रुवारी

दुसरी आवृत्ती कधी आली ते सापडलं! आजोबांच्या मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी. त्यांच्या बायकोचा, काकूंचा, राग अजून गेलेला नाही म्हणे.

१० फेब्रुवारी, सोमवार

मोठी बैठक. 

विक्रीवाल्याने सुरुवातीलाच मोडता घातला. "तारखा कशाला जाहीर करायच्या? झाकली मूठ सव्वा लाखाची." मी म्हटलं, मूठ झाकूनच ठेवायची तर दवाखान्यांनी काय नुसत्या मुठीकडे बघत बसायचं? मोठ्या बाई हसल्या. मग मी माझं घोडं पुढे दामटलं. पानाच्या डोक्यावर एक नियम हवा: "या पानावरची तारीख पुढे जाऊ शकते, मागे कधीच येणार नाही." एकदा सांगितलं अमुक दिवसापर्यंत सांभाळू, की सांभाळायचं. नाहीतर पानाला अर्थ काय? विक्रीवाला म्हणाला, "हा आपल्याच पायावर धोंडा." मोठ्या बाई म्हणाल्या, "मान्य." मान्य!!

मग तारखा ठरल्या. पाचवी – पुढच्या वर्षी जूनअखेर बंद. चौथी – याच जूनअखेर.

तिथे फोनवाली उभीच राहिली. टेकडीवर एक छोटा दवाखाना आहे, तिथल्या बाई हिला सारखा फोन करतात. त्यांच्याकडे सगळी म्हातारी माणसं, त्यांच्या कानात जुनी यंत्रं. पाचवी आवृत्ती जुन्या यंत्रांशी बोलतच नाही. "बाई म्हणतात, एक वर्ष द्या. हळूहळू सगळ्यांची यंत्रं बदलते. जूनमध्ये बंद केलं तर निम्मी माणसं बहिरी बसतील."

सगळे आजोबांकडे बघायला लागले. कारण चौथीचं वर्ष म्हणजे आजोबांचं वर्ष. ते दोन्ही हात जोडून म्हणाले, "मला सोडा आता. जुलैत आम्ही मुलीकडे चाललोय. आमच्या हिने तिथल्या खिडक्यांचे पडदेसुद्धा शिवलेत." खरं आहे, काकूंना आणखी किती थांबवायचं? मोठ्या बाईंनी जूनवर शिक्कामोर्तब केलं. फोनवाली डोळे पुसत खाली गेली. मला दोघांचंही पटत होतं, आणि असं दोघांचं पटलं की मला फार राग येतो.

१४ फेब्रुवारी

रंग ठरले! जिवंत हिरवी, शेवटच्या वर्षातली पिवळी, बंद झालेली राखाडी. विक्रीवाल्याला "बंद" शब्द नकोय, "परिपक्व" हवाय. मेलेल्याला झोपलाय म्हणायचं का? बंद म्हणजे बंद. अर्धा तास वाजलं आमचं. मी जिंकले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

चौथीबद्दल चार ओळी लिहायच्या, म्हणून आजोबांच्या खोलीत जाऊन बसले. कोपऱ्यातली खोली, खिडकीला लागून फळी, फळीवर जुन्या यंत्रांचे डबे, आणि सगळीकडे वायरींचा गुंता. त्यांनी एक जुनं यंत्र मला कानात घालायला लावलं. चौथी उघडली, आणि एकेक पट्टी सरकवायला लागले.

काय सांगू! माझ्याच ओढणीची सळसळ! खाली कुणीतरी खुर्ची ओढली ती! आजोबांचा श्वास! मी किंचाळलेच. तर म्हणतात, "ओरडू नकोस, तुझं तुलाच दुप्पट ऐकू येईल."

"या सटवीने माझं आयुष्य खाल्लं," असं म्हणत होते, आणि पट्टी इतक्या हलक्या हाताने सरकवत होते की मी बघतच राहिले. मध्येच काकूंचा फोन आला. रोज येतो, जेवणाच्या सुट्टीच्या आधी – डबा उघडलात का, गोळी घेतलीत का. त्यांनी "हो हो" म्हटलं. डबा पिशवीतच होता.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पान तयार! सगळ्या सहा आवृत्त्या एकाखाली एक, आपापल्या तारखा घेऊन शहाण्यासारख्या उभ्या आहेत. दिवसभर मी काही ना काही निमित्त काढून ते उघडून बघत होते.

आमच्याकडे रीत अशी की तारखांचा कागद ज्याने आवृत्ती लिहिली त्याने तपासून सही करायची, मगच पुढे. कागदावर छापून आजोबांना दिला. म्हणाले, "घरी नेतो, इथे पोरं वाचू देत नाहीत."

२६ फेब्रुवारी

कागद परत आला. खाली आजोबांची सही आणि एकही दुरुस्ती नाही! एकही नाही! छापखान्यात इतकी मुद्रितं हाताखालून गेली, पण कोरंच्या कोरं परत आलेलं हे पहिलंच. नवऱ्याच्या नाकासमोर नाचवलं.

३ मार्च, सोमवार

पान जगापुढे! मोठ्या बाईंनी बटण मला दाबायला लावलं. सगळ्या मजल्याने टाळ्या वाजवल्या. विक्रीवाल्यानेसुद्धा. मी आज अक्षरशः जमिनीवर नाही.

४ मार्च, मंगळवार

जमिनीवर आले. आपटून.

सकाळी फोनवाली धावतच वर आली आणि माझ्या गळ्यात पडली. "टेकडीवरच्या बाई फोनवर रडत होत्या! म्हणाल्या, त्या तारखांच्या पानावाल्या बाईंना सांग, वर्ष दिलंत, उपकार झाले. सगळ्या पेशंटना सांगून पण टाकलं त्यांनी!"

मी म्हटलं, कसलं वर्ष?

पान उघडलं. चौथी आवृत्ती – पुढच्या वर्षी जूनअखेर. पुढच्या! पाचवीची ओळ उचलून मी चौथीची ओळ केली होती. नाव बदललं, रंग बदलला, येण्याची तारीख बदलली. जाण्याचं वर्ष राहिलं. मी! वेळापत्रकवाली! पाचावर धारण बसली. पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि प्यायचंच विसरले.

५ मार्च, बुधवार

बैठक. विक्रीवाला म्हणाला, "त्यात काय? गुपचूप बदला. परवाच तर लावलंय, कुणाच्या बापाला कळणार आहे?"

मोठ्या बाई माझ्याकडे बघत होत्या. पानाच्या डोक्यावर माझाच नियम. तारीख पुढे जाईल, मागे येणार नाही. आजोबांकडे बघायची हिंमतच होत नव्हती. तारीख मागे आणली तर ते जुलैत सुटतात, आणि मी खोटी पडते. नाही आणली तर मी खरी, आणि त्यांच्या मानेवर आणखी एक वर्षाचं जोखड – माझ्या वेंधळेपणामुळे! आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

तरी बोलले. कसं बोलले कोण जाणे. "चूक माझी आहे. मला काढून टाकायचं तर टाका. पण पहिल्याच तारखेला मागे खेचलं, तर उद्या त्या पानावर कुत्रंसुद्धा विश्वास ठेवणार नाही. आणि त्या बाईंनी माणसांना सांगून टाकलंय हो!"

आजोबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. "नियम म्हणजे नियम. करतो एक वर्ष. पण दोन पोरं हाताखाली द्या, शिकवून ठेवतो. म्हणजे पुन्हा कुणाच्या चुकीला माझी गरज नको."

मी सगळ्यांसमोर रडले. मोठ्या बाई म्हणाल्या, "उद्या वेळेवर या." म्हणजे नोकरी शाबूत.

६ मार्च

दिवसभर फोन. एकट्या टेकडीवरचेच नव्हेत, कुठून कुठून दवाखाने! "वर्ष मिळालं, बरं झालं." फोनवाली प्रत्येक फोनवर मला हात हलवून दाखवते. इथे फक्त कागदावर सांगते – मी खूश आहे. फार खूश! आणि आजोबांच्या खोलीवरून जाताना मान खाली घालते. दोन्ही एकाच दिवशी, एकाच मनात. कसं व्हायचं माझं?

नवरा म्हणाला, "आजोबांचं सोड, ते पुरुष माणूस, गिळतील. काकूंकडे जाऊन ये. पडदे त्यांनी शिवलेत."

९ मार्च, रविवार

गेले नाही. चपला घातल्या, काढल्या.

१३ मार्च, गुरुवार

आजोबांच्या खोलीतून आरडाओरडा! धावत गेले. दोन पोरं समोर बसवलेली, फळ्यावर चौथीचं पोट उघडून मांडलेलं. "असं नाही रे गाढवांनो! आधी ऐका, मग हात लावा!" आवाज केवढा! पोरं घाबरलेली, पण मान वर करून ऐकत होती. एकाच्या कानात ते जुनं यंत्र.

मला बघून आजोबांनी खडू खाली ठेवला. मग उगाच कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "काय तारीखबाई, आज कुणाचं आयुष्य वाढवलंत?"

मी तिथून पळाले. टोमणा खरा होता, ऐकून घेतला. शनिवारी काकूंकडे जाणार म्हणजे जाणार.

१५ मार्च, शनिवार

गेले. काकूंनी दार उघडलं आणि मला दारातच रडू फुटलं. काकू, तुमचं एक वर्ष मी खाल्लं, माझी चूक, मला माफ करा – सगळं एका दमात.

त्यांनी हाताला धरून आत बसवलं. "अगं वेडे, रडतेस काय! ते वर्ष चुकलंय हे मला तेव्हाच दिसलं होतं. कागद या टेबलावरच तर होता. ह्यांना बोट ठेवून दाखवलं. हे कितीतरी वेळ बघत बसले, आणि म्हणाले, असू दे."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही. ह्यांना सहीला पेन सापडत नव्हतं. मी दिलं."