गार्लंड टुलक यांना होडी देण्याबाबत

मी, एल्फ्रिडा मे स्टकलेस, कै. होझेया स्टकलेस यांची पत्नी, वय वर्षे एक्क्याऐंशी, राहणार टर्न कोव्ह, हे मृत्युपत्र माझ्याच हाताने, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला सध्याच्या मुख्यमंत्र्यांचे नाव विचारले. मी मागच्या नऊ जणांची नावे उलट्या क्रमाने सांगितली, आणि कोण कशाबद्दल खोटे बोलला तेही सांगू लागले, तेव्हा त्या "पुरे" म्हणाल्या. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. तसे करू शकेल असा माणूस या किनाऱ्यावर अजून जन्मायचा आहे.

१. याआधीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. दुसरे मी रागात लिहिले होते. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील रोवेना हिस्कॉक यांनी करावी.

२. घर, खालची जमीन आणि यात नाव न घेतलेले जे काही उरेल ते सर्व माझी मुलगी मार्जरी हिला. ती देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, अल्बर्टात स्थायिक आहे, घर विकणार हे मला माहीत आहे आणि त्याचे मला दुःख नाही. फक्त हिवाळ्यातही इथे राहतील अशांना विकावे. उन्हाळ्यात येऊन व्हेल मोजणाऱ्यांना नको. लाकडाची शेगडी घरासोबतच राहील.

३. होझेया होड्या बांधत असे. त्याचे वाकस, रंधे, पटाश्या आणि पेटी शेजारी कॅल्विन ब्रेट याला. होझेयाची मूत्रपिंडे निकामी झाली तेव्हा डायलिसिसचे सर्वांत जवळचे यंत्र चार तासांच्या रस्त्यावर होते. आठवड्यातून तीनदा जायचे आणि यायचे. मी आमदार, अधिवेशनासाठी राजधानीत. सात वर्षे कॅल्विनने त्याला स्वतःच्या गाडीतून नेले, बर्फातही. एकदा रस्ता बंद झाला तेव्हा दोघांनी गाडीतच रात्र काढली. त्यावर कॅल्विन मला एवढेच म्हणाला, "काही नाही गं, तो घोरतो फार."

४. नणंद यूनिस हिला चहाचा चांगला संच. चर्चच्या दारात, चारचौघांत ती म्हणाली होती, "ही तिकडे भाषणं ठोकते आणि माझा भाऊ पार्सलासारखा इकडून तिकडे फिरतोय." ते खोटे असते तर मी महिन्याभरात विसरले असते. खरे होते, म्हणून एकोणीस वर्षे लागली. आता विसरले आहे. कान तुटलेला कप मात्र तिनेच वापरावा.

५. विधानसभेच्या कामकाजाचे माझ्या काळातले सर्व खंड शाळेच्या वाचनालयाला. कोणी वाचणार नाही, पण शेल्फ भरलेले दिसेल. बावीस वर्षे मी मासळीच्या कारखान्यात कॉड कापले ती सुरी मार्जरीला. तिला धार लावता येत नाही, तिने कॅल्विनकडून शिकावे.

६. बँकेतली माझी सगळी बचत आमच्या दवाखान्यातल्या चार खुर्च्यांच्या डायलिसिस खोलीला. त्यातून समुद्राच्या बाजूची खिडकी मोठी करावी. माणूस चार तास एका जागी बसतो. त्याला वाहनतळ कशाला दाखवायचा?

७. माझी सात मीटरची लाकडी होडी, वल्ह्यांसह, माजी आरोग्यमंत्री गार्लंड टुलक यांना. हे वाचून गावाला आश्चर्य वाटेल, म्हणून कारण लिहिते.

सहा वर्षे मी विरोधी बाकावरून या माणसाला एकच प्रश्न विचारला: आमच्या किनाऱ्यावर डायलिसिसची यंत्रे कधी येणार? सहा वर्षे त्यांनी एकच छापील उत्तर वाचले: विषय विचाराधीन आहे. एकदा त्यांच्या बाकावरून कोणी ओरडले, "बाईंना यंत्र स्वतःच्या स्वयंपाकघरात हवंय." सगळे हसले. टुलक हसले नाहीत, हे मी तेव्हाच पाहिले होते. त्या आठवड्यात मी होझेयाला म्हटले, आता हा विषय दुसऱ्या कोणीतरी मांडावा. तो म्हणाला, "विचार. माझं नाव घेऊन विचार. इथून डायलिसिसला जाणारे आम्ही अकरा जण आहोत, अकराही नावं घे." मी अकराही नावे घेतली. उत्तर तेच आले.

मार्चमधल्या एका दुपारी सभागृह उठल्यावर मी कोट घ्यायला गेले. टुलक तिथेच बूट चढवत होते. वर न बघता म्हणाले, "बाई, 'कधी'ला माझ्याकडे छापील कागद आहे. उद्या 'कुठे' विचारा." आणि टोपी घालून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी प्रश्नोत्तराच्या तासात मी उभी राहिले. "अध्यक्ष महोदय, आमच्या किनाऱ्यासाठीची यंत्रं या क्षणी कुठे आहेत?" समोरचे बाक हसले. टुलक उठले. हातातला कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला. "रस्ते खात्याच्या गोदामात," ते म्हणाले. "चार आहेत. खोक्यांत. नऊ महिने झाले."

निवडणुकीच्या तोंडावर फीत कापता यावी म्हणून ती तिथे ठेवली होती. संध्याकाळच्या आत टुलक यांचे मंत्रिपद गेले. पाच आठवड्यांत यंत्रे आमच्या दवाखान्यात बसली. होझेया बारा मिनिटांत पोचू लागला. चौदा महिने तो दर रात्री स्वतःच्या अंथरुणात झोपला आणि तिथेच गेला. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले चौदा महिने होत.

वर्तमानपत्रांनी लिहिले की कोळणीने मंत्र्याला कॉडसारखा सोलला. मला हारतुरे मिळाले, पुढची निवडणूकही मी त्यावरच जिंकले. टुलक यांना त्यांच्या पक्षाने पुन्हा उमेदवारी दिली नाही. एका शब्दाला अडखळलेला मूर्ख म्हणून अजूनही आमच्या बंदरावर त्यांची नक्कल करतात. मी त्यांच्या घरी गेले आणि म्हटले की मी खरे सांगणार. त्यांनी मला मटारचे सूप वाढले.

"माझ्या वडिलांनी पक्षाची इथली शाखा उभी केली," ते म्हणाले. "चुकून बोललेला माणूस मूर्ख ठरतो, मुद्दाम बोललेला फितूर. आईला मूर्ख मुलगा चालेल. तुम्ही जिवंत असेपर्यंत हे तोंडाबाहेर काढायचं नाही. शब्द द्या."

मी शब्द दिला आणि पाळला. त्यांच्या आईला जाऊनही आता बारा वर्षे झाली, तरी पाळला. दर ऑगस्टमध्ये ते येतात, आम्ही दोघे या होडीतून कॉड धरतो, आणि तो विषय निघत नाही. पण शब्द मी जिवंत असेपर्यंतचाच होता, आणि हा कागद उघडेल तेव्हा मी नसेन. ते स्वतः वकील आहेत. ही फट त्यांच्याकडून राहून गेली की त्यांनी मुद्दाम ठेवली, ते मी कधी विचारले नाही. आयुष्यात न विचारलेला तेवढा एकच प्रश्न.

म्हणून रोवेना हिस्कॉक यांना माझी सूचना अशी. दफनानंतर चर्चच्या सभागृहात, जेवण वाढण्याआधी, हे सातवे कलम मोठ्याने वाचावे. टुलक यांना पुढच्या खुर्चीवर बसवावे. दाराजवळ बसवू नये, निघून जातील. वाचून झाल्यावर त्यांना बोलायला सांगू नये. ते नाहीच म्हणतील. लोकांनी फक्त उभे राहावे.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, दोनदा वाचला आणि तो मला मान्य आहे. यातले काहीच साक्षीदारांना मिळत नाही, कायद्याने चालत नाही, म्हणून त्यांना आत्ताच जेवू घातले आहे.

ठिकाण: टर्न कोव्ह
दिनांक: १४ ऑक्टोबर २०१९

सही: एल्फ्रिडा मे स्टकलेस

आमच्या समक्ष सही केली, आम्हीही एकमेकांसमक्ष सह्या केल्या:
१. व्हायोला पेनी, टपाल कार्यालय, टर्न कोव्ह
२. लेमुएल रोझ, दीपगृहाचे निवृत्त रखवालदार, टर्न कोव्ह