पोटरीवरच्या जांभळ्या रेघा

रत्नागिरी, नरकचतुर्दशी, १९८४. संध्याकाळ.

गाठ काढल्यापासून मुंबईत पोटरीला किरणांचा शेक चालू आहे. दिवाळीची दोन दिवस सुट्टी मिळाली म्हणून घरी आलो. शेकाची जागा दाखवणाऱ्या जांभळ्या रेघा पुसायच्या नाहीत, अशी डॉक्टरांची ताकीद. आणि पहाटे आईने तेल लावून, उटण्याने घासून त्या काढल्या! "केवढी शाई लागलीय रे," म्हणाली. मी गप्प का बसलो? थांब म्हटलं असतं, तर कॅन्सर सांगावा लागला असता. परवा पुन्हा आखतील म्हणा. पण नेमक्या त्याच जागी? दुपारपासून पोटरी न्याहाळतोय, एखादी पुसट रेघ तरी उरलीय का.

आत्ता आई चहा घेऊन आली. खाली बघतच म्हणाली, "तुझ्या मामाच्या गळ्यावर अशाच होत्या. बघवल्या नाहीत रे."