गाडीत बिघाड नाही

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुझा मुलगा-सून दोन महिने परगावी जाणार, तुझ्या गुडघ्यांना बसच्या पायऱ्या झेपत नाहीत, तेव्हा मी गाडी घेऊन तुला न्यायला यावं, हे रास्तच आहे. पण सध्या ब्रेक उशिरा लागतात गं. दर रविवारी बॉनेट उघडतो. तेल, पाणी, हवा, ब्रेक, हे चार शब्द अजून शाळेतल्या कवितेच्या चालीवर म्हणतो. ऑइलची पट्टी पुसून बुडवतो, टायरमधली हवा मोजतो, वायपरचं रबर बोटाने चाचपतो. ही जाऊन चार महिने झाले. हात कशात तरी गुंतलेले बरे. जरा कळ काढ.

तुझ्या मायेत खंड नसावा.
धाकटा

१२ मार्च

चि. कविराज,
अ. उ. आ.

कळ तरी किती काढू? जानेवारीत तुझा टायर बसला, फेब्रुवारीत बॅटरी उतरली, आता ब्रेक. गाडी आहे की माझे गुडघे? काल मुलाने तुझ्या मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, गाडी ठणठणीत आहे, ब्रेक तर मागच्याच महिन्यात नवे घातलेत. लहानपणी दौत सांडलीस की मांजरावर ढकलायचास. तेव्हाही मांजराचा चेहरा तुझ्यापेक्षा खरा वाटायचा.

मी तुझ्या घरी नको असेन तर तसं लिही. म्हातारं माणूस अडचण होतं, मला कळतं. पण बहिणीला झुलवत ठेवू नकोस. भरून ठेवलेली ट्रंक आज उपसली.

रागावले आहे, तरी लोभ आहेच.
ताई

१८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ट्रंक पुन्हा भर. गाडीत बिघाड नाही, माझ्यात आहे. माझा डावा डोळा तीन वर्षांपूर्वीच गेला. ठाऊक होतं ते फक्त हिला. शेजारी बसून ही प्रत्येक वळणाला हळूच सांगायची, की मोकळं आहे, चला. सायकल येतेय, थांबा. मी आपला कविता म्हणत ऐटीत स्टिअरिंग फिरवायचो. वाटायचं, गाडी मीच चालवतोय.

ही गेल्यावर, जानेवारीत, तुला आणायला एकटा निघालोच होतो. पहिल्याच चौकात सवयीने हिच्या शब्दाची वाट बघत थांबलो. मागून हॉर्न सुरू झाले. भांबावून वळलो, तर डावीकडून एक बाई पिशवी घेऊन रस्ता ओलांडत होती. ब्रेक लागले म्हणून वाचली. पिशवी पडली, बटाटे घरंगळले. वर तीच म्हणाली, की आजोबा, चूक माझीच, माझं लक्ष नव्हतं. आणि मी, ताई, नुसती मान हलवली. खरं सांगायला तोंड उघडलंच नाही. बटाटेसुद्धा तिने एकटीने वेचले.

आज सकाळी गाडी मेकॅनिकला देऊन टाकली. रस्ता नीट दिसावा म्हणून हिची सीट अगदी पुढे ओढलेली असायची. मेकॅनिकबरोबर आलेल्या माणसाचे पाय मावेनात, त्याने ती मागे सरकवली. मी घरात निघून आलो.

गुरुवारी बसने येतो. परतीला भाड्याची गाडी ठरवली आहे. तुझ्या दारासमोरच्या थांब्यावर उतरेन. जमलं तर ये, आणि माझ्या डाव्या हाताला उभी राहा. रस्ता मोकळा झाला की सांग.

या खोटारड्याला आपला म्हण, एवढंच मागणं.
धाकटा